पाऊस सरासरीने पडत नाही

(जव्हार-मोखाडा भागातील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गासाठी तयार केलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



जव्हारपासून विसेक किलोमीटरवर दाभोसा गाव आहे. लेंडी नदी तेथे सुमारे तीनशे फूट उंचीच्या कड्यावरून खाली कोसळते. आषाढ-श्रावणात हा प्रपात पाहण्यासाठी मुंबई-नाशिकची माणसे गाड्या भरभरून येतात. त्याच परिसरातील पाड्यांवर फाल्गुन-चैत्र उजाडला की बायका डोक्यावर हंडे घेऊन दरी उतरतात आणि झिऱ्याच्या काठी बसून वाटीवाटीने पाणी भरतात. जेथे वर्षाला साधारणपणे अडीच हजार मिलिमीटर पाऊस पडतो, तेथे चार महिने पिण्याच्या पाण्याची भ्रांत असावी, ही गोष्ट बाहेरच्या माणसाला चमत्कारिक वाटते. कार्यकर्त्याला तिची सवय होते. आणि सवय झाली की प्रश्न विचारणे थांबते. म्हणून पावसाचा विचार मुळापासून, म्हणजे ढगापासून करणे आवश्यक आहे. निसर्गाचा वाटा कोठे संपतो आणि समाजव्यवस्थेचा कोठे सुरू होतो, हे ज्याला ठाऊक नाही त्याची मागणी नेमकी होत नाही. आणि मोघम मागणी फेटाळणे कोणत्याही सरकारला सोपे जाते.

ढग म्हणजे पाऊस नव्हे. ढगातील जलकण इतका बारीक असतो की तो हवेवर तरंगत राहतो. पावसाचा एक साधा थेंब तयार होण्यास असे सुमारे दहा लाख कण एकत्र यावे लागतात. समुद्रावरून उडालेले मिठाचे कण, धूळ, धूर यांच्याभोवती बाष्प गोठते व ढग बनतो. परंतु त्या कणांचे थेंब होण्याचे मार्ग दोन आहेत. पहिला मार्ग असा की लहानमोठे जलकण एकमेकांवर आदळतात, एकमेकांत मिसळतात आणि जड होऊन खाली येतात. दुसऱ्या मार्गात ढग इतका उंच वाढतो की त्याचा माथा गोठणबिंदूच्या पातळीवर जातो. पावसाळ्यात आपल्याकडे ही पातळी जमिनीपासून पाच ते साडेपाच किलोमीटरांवर असते. तेथे बर्फाचे स्फटिक बनतात, वाढतात आणि खाली येताना वितळून थेंब होतात.

मृगापूर्वीचा वळीव आणि परतीचा पाऊस हे मुख्यतः उंच गर्जन्मेघांचे काम होय. हे मेघ कित्येक किलोमीटर उभे वाढतात. विजा, गारा, सोसाट्याचा वारा सोबत आणतात. तासाभरात एका खोऱ्याला झोडपून काढतात आणि शेजारचे खोरे कोरडे ठेवतात. सह्याद्रीच्या पश्चिम अंगावरील आषाढझड निराळी. अरबी समुद्रावरून येणारा नैर्ऋत्येचा वारा जमिनीपासून दीड किलोमीटरच्या आसपास सर्वांत वेगवान असतो. दक्षिण भारतावरील या वेगवान प्रवाहाचे अस्तित्व पी. व्ही. जोसेफ व पी. एल. रामन या भारतीय शास्त्रज्ञांनी १९६६ साली दाखवून दिले. हा बाष्पाने भरलेला प्रवाह डोंगराला अडतो, वर ढकलला जातो, थंड होतो आणि बुटके, दाट ढग बनवतो. या ढगांपैकी पुष्कळांचे माथे गोठणपातळीच्या खालीच राहतात. त्यांत विजांचा थाटमाट नसतो, पण ते पाठोपाठ येत राहतात आणि पहिल्याच मार्गाने, कणाला कण मिळून, दिवसचे दिवस पाऊस पाडतात. महाबळेश्वर येथे २०१२ साली पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने जी मेघभौतिकी प्रयोगशाळा उभारली, ती डोंगरमाथ्यावर उतरणाऱ्या याच ढगांचा अभ्यास करण्यासाठी.

डोंगराने अडवलेल्या या पावसाचा हिशेब फार कठोर असतो. घाटाच्या माथ्यावर इगतपुरीला तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. तेथून पन्नास किलोमीटरांच्या आत असलेल्या नाशिक शहरात तो सातशेच्या आसपास येतो. जव्हार-मोखाड्याचे पठार या घाटमाथ्याच्या पश्चिमेला, म्हणजे ढगांच्या वाटेवरच आहे. वारली समाजाने पावसाला नारनदेव मानले आणि धान्याला कणसरी. ढग कोठून येतो व कोठे अडतो, हे त्या माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या पाहिले आहे. शास्त्राने त्या निरीक्षणाला कारणे दिली.

आता चढउताराकडे वळू. पावसाळा म्हणजे चार महिने चालणारी एकसंध धार नव्हे. गुजरातपासून केरळापर्यंत किनाऱ्यालगत हवेच्या कमी दाबाचा पट्टा असतो, बंगालच्या उपसागरातून कमी दाबाची क्षेत्रे मध्य भारताकडे सरकत असतात, तेव्हा कोकणात पावसाला जोर चढतो. मान्सूनचा मुख्य पट्टा उत्तरेकडे सरकून हिमालयाच्या पायथ्याशी गेला की खंड पडतो. ही उघडझाप काही वेळा दहा ते वीस दिवसांच्या, तर काही वेळा तीस ते साठ दिवसांच्या आवर्तनाने होते. खंडाच्या काळात ढग नाहीसे होतातच असे नाही. वर कोरड्या हवेचा थर बसतो, ढगांना उंच होऊ देत नाही. आभाळ भरलेले दिसते, भुरभुर चालू राहते, पण खाचरात पाणी साठत नाही.

एका वर्षाचा पाऊस दुसऱ्या वर्षासारखा नसतो, याचीही कारणे आहेत. १८९९-१९०० च्या भीषण दुष्काळानंतर मान्सूनच्या भाकिताचा प्रश्न ऐरणीवर आला आणि १९०४ साली गिल्बर्ट वॉकर हा गणिती हवामानखात्याचा प्रमुख म्हणून भारतात आला. जगभरच्या नोंदी तपासताना त्याला दिसले की प्रशांत महासागराच्या दोन टोकांवरील हवेचा दाब तराजूच्या पारड्यांसारखा वरखाली होतो आणि त्याचा भारतातील पावसाशी संबंध आहे. पुढे याच तराजूची सांगड 'एल निनो'शी, म्हणजे प्रशांत महासागराचे पूर्वेकडील पाणी तापण्याशी, घातली गेली. १९७२, २००२, २००९ आणि २०१५ या एल निनोच्या वर्षी भारतात पावसाने दगा दिला. २००९ साली तर देशाचा मोसमी पाऊस सरासरीच्या ७८ टक्केच झाला. परंतु १९९७ साली एल निनो अतिशय बलवान असूनही पाऊस सरासरीइतका झाला. याचा अर्थ एल निनो हे धोक्याचे लक्षण आहे, न्यायालयाचा निकाल नव्हे. हिंदी महासागराची स्थिती, उपसागरातील कमी दाबाची क्षेत्रे आणि ढगांचा स्वतःचा स्वभाव या साऱ्यांचा त्यात हात असतो.

देशाच्या मोसमी पावसाची सरासरी १९७१ ते २०२० या पन्नास वर्षांच्या नोंदींवरून ८७ सेंटिमीटर धरली जाते आणि वर्षावर्षांतील फरक सामान्यतः दहा टक्क्यांच्या आत असतो. दहा टक्के ऐकायला किरकोळ वाटतात. पण ही सरासरी राजस्थानच्या वाळवंटापासून मेघालयाच्या डोंगरांपर्यंत आणि जूनच्या पहिल्या दिवसापासून सप्टेंबरच्या शेवटच्या दिवसापर्यंत काढलेली असते. २०२३ सालचे उदाहरण बोलके आहे. त्या वर्षी देशाचा पाऊस सरासरीच्या ९४ टक्के झाला. जुलैत तो तेरा टक्के जास्त होता. ऑगस्टमध्ये छत्तीस टक्के कमी, १९०१ पासूनच्या नोंदींतील सर्वांत कोरडा ऑगस्ट. आणि सप्टेंबरमध्ये पुन्हा तेरा टक्के जास्त. वहीत हिशेब जवळजवळ जुळला. ऑगस्टमध्ये वाळलेले रोप मात्र सप्टेंबरच्या पावसाने उभे राहत नाही.

जागेच्या सरासरीचेही असेच आहे. २६ जुलै २००५ रोजी मुंबईच्या सांताक्रूझ वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला आणि त्याच शहराच्या दक्षिण टोकाला, कुलाब्याला, अवघा ७३ मिलिमीटर. कुलाब्याच्याच नोंदीवर विसंबून कोणी मुंबईचा निवाडा केला असता, तर त्या दिवशी काही विशेष घडले नाही असेच त्याने लिहिले असते.

हे सारे जव्हार-मोखाड्याच्या शेतात कसे उतरते ते पाहिले पाहिजे. येथील जमीन काळ्या कातळावर अंथरलेला मातीचा पातळ थर आहे. सपाटीच्या खाचरात भात, उतारावरच्या वरकस जमिनीत नागली, वरई, उडीद, खुरासणी. देशावरील काळी भारी जमीन दोन-तीन आठवडे ओल धरून ठेवते. वरकस जमीन काही दिवसांतच कोरडी पडते. म्हणून पावसाचा एकूण आकडा या शेतकऱ्याच्या फारसा उपयोगाचा नाही. त्याला हवा असतो पाऊस योग्य नक्षत्रात. राबावरील रोप तयार झाले आणि आवणीच्या वेळी पाऊस दडला, तर रोप म्हातारे होते. आश्लेषा-मघात लांब खंड पडला तर नागली होरपळते. गरव्या भाताला हस्ताचा पाऊस हवा असतो. हळवे भात मात्र तोवर कापणीला आलेले असते आणि तोच पाऊस ते आडवे करतो. २०१९ साली देशाचा पाऊस सरासरीच्या ११० टक्के होता, म्हणजे कागदोपत्री सुकाळ. पण ऑक्टोबरअखेरपर्यंत लांबलेल्या पावसाने कोकणातील कापलेले भात शेतातच भिजवून कुजवले. हवामानखात्याने २०२० साली मान्सूनच्या सामान्य तारखा नव्याने ठरवल्या, तेव्हा मुंबईतून परतण्याची तारीख २९ सप्टेंबरऐवजी ८ ऑक्टोबर झाली. हे नऊ दिवस तक्त्यात एका ओळीत मावतात; हळवे भात करणाऱ्याच्या घरात ते वर्षभराच्या धान्याचा प्रश्न असतात.

पीक गेले की पुढचा क्रम ठरलेला आहे. दिवाळीनंतर कुटुंब भिवंडी, कल्याण, वसईकडे वीटभट्टीवर जाते. पुष्कळदा शेठची उचल पावसाळ्यातच घेतलेली असते, कारण आषाढ-श्रावणात कणगी रिकामी असते. मुलांची शाळा सुटते, गरोदर बाईचे पोषण सुटते. १९९२-९३ साली जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी येथील बालमृत्यूंनी सारा महाराष्ट्र हादरला. २०१६ साली मोखाड्यातील कुपोषणाने पुन्हा वर्तमानपत्रांचे मथळे भरले. या मृत्यूंना पावसाचा लहरीपणा कारण आहे असे म्हणणे म्हणजे दोषी मोकळा सोडून साक्षीदाराला पकडणे होय. पाऊस लहरी आहे, हे सर्वांना आधीपासून माहीत आहे. ज्या घरात चार महिन्यांची शिल्लक आहे त्याला पावसाचा खंड ही चिंता असते; ज्या घरात चार दिवसांची शिल्लक नाही त्याला तो मृत्यूचा सांगावा असतो. हा फरक ढगाने केलेला नाही.

आता सरकारी मोजमापाचा विचार करू. कारण हक्काची लढाई शेवटी तेथेच हरली वा जिंकली जाते. चोवीस तासांत ६५ मिलिमीटरांहून अधिक पाऊस महसूल मंडळात नोंदला गेला की अतिवृष्टी, आणि सलग एकवीस दिवस पाऊस नसला की पीकविम्यासाठी पावसाचा खंड, असे निकष महाराष्ट्रात वापरले गेले आहेत. निकष असावेत याबद्दल वाद नाही; त्यावाचून मनमानी होईल. वाद आहे तो एकच माप सगळ्या जमिनींना लावण्याबद्दल. ६५ मिलिमीटरांचा दिवस जव्हारला जुलैत नित्याचा, तर पर्जन्यछायेतील तालुक्यात तो आपत्ती ठरतो. उलट, एकवीस दिवसांचा खंड देशावरच्या भारी जमिनीची कसोटी पाहील, पण वरकस उतारावरची नागली त्याच्या अर्ध्या काळातच संपते. शिवाय हवामानखात्याच्या व्याख्येप्रमाणे अडीच मिलिमीटर पाऊस झाला की तो 'पावसाचा दिवस' होतो. खंडाच्या काळात डोंगरावरील बुटके ढग एवढी भुरभुर सहज करतात. रोपाला तिचा उपयोग शून्य. पण अशा एका दिवसाने खंडाची मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू होणार असेल, तर शेतकऱ्याचा दावा भुरभुरीत वाहून जातो. ढगाची रचना ही केवळ शास्त्रज्ञांची बाब नव्हे, ती तलाठ्याच्या दप्तरापर्यंत कशी पोहोचते, याचे हे उदाहरण आहे. मंडळाचे पर्जन्यमापक एका ठिकाणी असते, मंडळात दऱ्या अनेक असतात, आणि उंच मेघाचा पाऊस एका दरीत पडून दुसरीत पडत नाही, हे त्यात मिळवले म्हणजे चित्र पुरे होते.

पाण्याचाही हिशेब असाच मांडून पाहावा. अडीच हजार मिलिमीटर म्हणजे अडीच मीटर उभे पाणी. तीस चौरस मीटरांच्या एका साध्या घराच्या छपरावर पावसाळ्यात ७५ हजार लिटर पाणी पडते. पाच माणसांच्या कुटुंबाला दरडोई रोज ५५ लिटर धरले, तर फेब्रुवारी ते मे या १२० दिवसांत लागते ३३ हजार लिटर. म्हणजे ज्या छपराखाली कुटुंब झोपते, त्यावरच त्याच्या उन्हाळ्याच्या गरजेच्या दुपटीहून अधिक पाणी पडून जाते. शंभर घरांच्या गावाला उन्हाळ्यात हवे ३३ लाख लिटर. चाळीस मीटर लांब, चाळीस मीटर रुंद आणि तीन मीटर खोल अशा एका तळ्यात ४८ लाख लिटर मावतात. बाष्पीभवन व पाझर धरला तरी अशी दोन तळी पुरी होतात. हा हिशेब शाळेतील मुलालाही करता येईल. तो शासनाला येत नाही असे नाही. त्याची निकड वाटत नाही.

निकड कोणाची वाटते हे वैतरणेकडे पाहिले की कळते. मोडकसागर १९५७ साली झाले, अप्पर वैतरणा १९७३ साली, आणि मोखाडा तालुक्यातील मध्य वैतरणा धरण २०१४ साली पूर्ण झाले. या शेवटच्या धरणातून मुंबईला रोज ४५ कोटी ५० लाख लिटर पाणी मिळावे अशी योजना होती. दमणगंगा-पिंजाळ जोडप्रकल्पाचा प्रस्तावही मुंबईसाठीच आखला गेला. मुंबईला पाणी नको असे कोणी म्हणत नाही. त्या शहरातील श्रमिकांच्या नळासाठी मृणाल गोरे यांनी मोर्चे काढले, तो इतिहास समाजवादी कार्यकर्त्याला सांगावा लागू नये. झोपडपट्टीतील रांगेत उभी असलेली बाई आणि मोखाड्याच्या झिऱ्यावर बसलेली बाई यांत भांडण लावणे हा त्यावरचा उपाय नव्हे. मागणी एवढीच की ज्या डोंगराचे पाणी शहराला जाते, त्या डोंगरावरील प्रत्येक पाड्याची तहान आधी भागवली जावी आणि तो खर्च पाणी वापरणाऱ्या समर्थांनी उचलावा.

येथे दोन भ्रमांपासून सावध राहिले पाहिजे. पहिला भ्रम तंत्राचा. कृत्रिम पावसाचे प्रयोग महाराष्ट्रात २००३, २०१५ आणि २०१९ साली झाले. सोलापूर भागात शास्त्रीय पद्धतीने केलेल्या प्रयोगात काही ठिकाणी पाऊस सुमारे अठरा टक्क्यांनी वाढल्याचे आढळले. तो अभ्यास मोलाचा आहे. परंतु विमानातून मीठ फवारून ढग निर्माण होत नाही. असलेल्या ढगाला, तोही योग्य जातीचा असेल तर, थोडा टेकू मिळतो. खंडाच्या काळात नेमके तेच ढग नसतात. दुसरा भ्रम असा की आता सगळा दोष हवामानबदलाचा, तेव्हा स्थानिक लढ्यांत अर्थ नाही. तापमानवाढीचा परिणाम खराच आहे. १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात विस्तृत प्रदेशावर होणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्याचे पुण्याच्या संस्थेतील रॉक्सी मॅथ्यू कोल व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ साली दाखवले. पण प्रत्येक वर्षीची तूट त्या खाती टाकणे शास्त्राला धरून नाही, आणि नैतिकदृष्ट्या तर मुळीच नाही. पाऊस अधिक लहरी होणार असेल, तर साठवण, अन्न आणि मजुरी यांची हमी अधिक पक्की हवी, हाच त्यातून निघणारा निष्कर्ष आहे.

भाकितशास्त्र पुढे जात आहे, याचे स्वागतच केले पाहिजे. ढग काही किलोमीटरांचा आणि गणिताच्या जाळ्याचा चौकोन त्याहून कितीतरी मोठा, ही जुनी अडचण होती. २०२५ च्या मे महिन्यात पुण्याच्या संस्थेने घडवलेली सहा किलोमीटरांच्या चौकोनाची भारतीय प्रणाली कार्यान्वित झाली. पण जो अंदाज पाड्यावर पोहोचत नाही, आणि पोहोचला तरी ज्यावर वागण्याची ऐपत माणसाजवळ नाही, तो अपुरा आहे. पंधरा दिवसांचा खंड येणार हे कळून ज्याच्याजवळ दुसऱ्यांदा पेरायला बियाणे नाही, त्याला त्या ज्ञानाचा उपयोग काय?

१९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रातील लक्षावधी माणसे खडी फोडण्याच्या कामावर उभी राहिली. त्यांच्या रेट्यातून रोजगार हमीचा विचार कायदा झाला; १९७७ साली तो संमत होऊन २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला, आणि २००५ साली त्याच धर्तीवर देशाचा कायदा झाला. नावे बदलतील, कलमे बदलतील. दुष्काळात मागितलेली भीक नव्हे तर मागितलेले काम हा हक्क आहे, ही त्यातील गाभ्याची गोष्ट कार्यकर्त्याने हातची सोडता कामा नये. त्या कामांतूनच पाड्यापाड्यावर तळी, टाक्या, बांध व्हावेत. खावटी आषाढापूर्वी हाती पडावी, भाद्रपदात नव्हे. खंडाचे निकष जमिनीचा पोत पाहून ठरावेत.

आणि एक काम असे आहे की त्यासाठी कोणत्याही आदेशाची वाट पाहायला नको. प्रत्येक पाड्यावरील शाळेत एक पर्जन्यमापक बसवावे. सरळ भिंतींचे पसरट तळाचे भांडे आणि मोजपट्टी एवढ्यानेही सुरुवात होते. रोज सकाळी ठरावीक वेळी मुलांनी पाऊस मोजून वहीत लिहावा. शेजारच्या रकान्यात खाचरात पाणी होते की नाही, रोप हिरवे होते की पिवळे, हेही लिहावे. पाच पावसाळ्यांच्या अशा शंभर वह्या तहसील कचेरीच्या टेबलावर ठेवल्या गेल्या, तर मंडळाच्या एकट्या आकड्याला उत्तर देणारा दुसरा आकडा उभा राहील. पुढच्या मृगापूर्वी अशी निदान एक वही तयार ठेवणे, एवढे या अभ्यासवर्गातून निघाले तरी तो सार्थकी लागला असे म्हणता येईल.